आठ की साठ?

पूर्वी फोनवर दोघेच बोलत. आता चार-पाच माणसे आपापल्या गावाहून एकाच वेळी बोलू शकतात. याला कॉन्फरन्स कॉल म्हणतात. साध्या मोबाईलवरही आपल्याखेरीज आणखी पाच जणांना जोडून घेण्याची सोय बहुधा असते. २०२० साली टाळेबंदी लागली, तेव्हा बैठका काय, सोयऱ्यांची ख्यालीखुशाली काय, पुष्कळांचे सारे असेच चालले. सोय मोठी आहे. पण तिच्यात एक खोड आहे. ती मला माझ्याच चुकीतून कळली, म्हणून ती चूक आधी सांगतो.

माझा भाचा गिरणारे भागात टोमॅटो लावतो. एका वर्षी झाडांवर कीड पडली. माझा एक जुना विद्यार्थी शेतीचे शिक्षण घेतलेला आहे. मी मध्ये पडून गाठ घालून दिली. भाचा, त्याचे दोन शेजारी, तो विद्यार्थी आणि मी, असे पाच जण एका कॉलवर आलो. मी त्या वेळी नाशिकच्या सीबीएस स्टँडवर एसटीची वाट पाहत उभा होतो. गाड्यांचे भोंगे, वाहकांच्या आरोळ्या, जवळच रसवंतीची घुंगरे. मी काही बोलत नव्हतो, नुसता ऐकत होतो. मनात म्हटले, आपला कोणाला काय त्रास?

विद्यार्थी म्हणाला, "पंपाला आठ मिली टाका." तेवढ्यात माझ्या पुढ्यात एक एसटी थांबली. तिच्या ब्रेकची फुस्स झाली. भाच्याने ऐकले, "साठ मिली." औषध नवे होते, प्रमाण त्याला ठाऊक नव्हते. पंधरा लिटरच्या पंपात त्याने साठ मिली ओतले. चार दिवसांत पाने करपली. अर्धा एकर टोमॅटो हातचा गेला.

मी विचारले, "अरे, पुन्हा विचारायचे नाहीस का?" तो म्हणाला, "मामा, तुमच्यासमोर दोनदा विचारायची लाज वाटली. आणि कोणाच्या तरी फोनात गाड्याच फार वाजत होत्या." त्या गाड्या कोणाच्या फोनात वाजत होत्या, हे त्याला सांगायला मला आठ दिवस लागले. जन्मभर वर्गाला 'गप्प बसा' म्हणत आलो, आणि तिथे गोंगाट करणारा मीच होतो.

असे का झाले, ते आता पाहू. पाच जणांच्या कॉलमध्ये पाचही फोनांतले आवाज एकत्र मिसळतात आणि मग प्रत्येकाच्या कानी जातात. आपण गप्प असलो तरी आपला फोन गप्प नसतो. त्याचा कान उघडाच असतो. स्टँडवर मी एकटा उभा होतो खरा, पण माझ्या फोनामुळे चौघेही स्टँडवर येऊन उभे राहिले होते.

दुसरे असे, की 'स' हा सुस्काऱ्याचा आवाज आहे, फार बारीक. जुन्या पद्धतीचा फोन सेकंदाला सुमारे ३०० ते ३४०० कंपने होणारेच आवाज पोचवतो. 'स'चा बराचसा जोर त्याच्या वर असतो. नवे फोन अधिक पोचवतात, पण सगळीकडे तशी सोय असतेच असे नाही. त्यामुळे फोनवर 'स' अर्धामुर्धाच ऐकू येतो, आणि उरलेला आपले मन भरून काढते. आठच्या आधी कुठे फुस्स झाले, की मनाने त्याचा साठ केलाच! सहा आणि दहा यांचीही तीच गत.

उपाय सोपा आहे. कॉल चालू असताना पडद्यावर माईकचे चित्र दिसते. त्यावर तिरपी रेघ असते, किंवा खाली 'म्यूट' असे लिहिलेले असते. ते दाबले की आपल्याला सर्वांचे ऐकू येते, पण आपल्याकडचे कोणाला ऐकू जात नाही. बोलायचे झाले की पुन्हा दाबावे. पुढच्या कॉलला मी हे बटण दाबले आणि उघडायचे विसरून चांगली दोन मिनिटे उपदेश केला. कोणी ऐकला नाही. 'होल्ड' नावाचे बटण वेगळे आहे. ते दाबू नये. काही वेळा त्याचे गाणे साऱ्या बैठकीला ऐकावे लागते.

बोलणाऱ्याने फोन तोंडाजवळ धरावा. अंतर दुप्पट झाले की आवाजाचा जोर चौथा हिस्साच उरतो, पण पंख्याची घरघर आहे तेवढीच राहते. म्हणून फोन टेबलावर ठेवून, स्पीकर लावून लांबून बोलू नये. फोनच्या खालच्या कडेला बारीक भोक असते, तिथे माईक असतो. त्यावर तळहात येऊ देऊ नये. पुष्कळ फोनांना वर किंवा मागे आणखी एक भोक असते. तो दुसरा माईक भोवतालचा गोंगाट ऐकतो आणि फोन तो वजा करायला पाहतो. कव्हराने तेही बुजवू नये. वाऱ्याकडे पाठ करावी.

एकाच खोलीत दोघे जण त्याच कॉलवर असतील, तर आवाज घुमतो, कधी शिट्टी वाजते. एकाचा आवाज दुसऱ्याच्या माईकमध्ये शिरतो, त्याचा हा खेळ. अशा वेळी दोघांनी मिळून एकच फोन वापरावा.

आणि आकडा आला की तो उलटून म्हणावा: "आठ ना? सातानंतरचे आठ?" आमच्यात आता आणखी एक रीत पडली आहे. विद्यार्थी प्रमाण सांगतो आणि लगेच लिहूनही पाठवतो. भाचा ते वाचतो, आणि "८ मिली" असे उलट लिहून कळवतो. मगच पंप भरतो.

करून पाहा: घरातले दोन फोन एकमेकांना जोडा. एक जण बाहेर अंगणात जा, एक जण चुलीपाशी कुकरजवळ थांबा. अंगणातल्याने सहा, दहा, आठ, साठ, सात हे आकडे उलटसुलट म्हणावेत. दुसऱ्याने ऐकतील तसे पाटीवर लिहावेत. मग कुकर उतरवून तेच पुन्हा करा, आणि दोन्ही वेळचे आकडे ताडून पाहा.