इसबगोलचा ग्लास आणि भुकेचं गणित



फर्स्ट इयरला काडीसारखा आलेला मुलगा थर्ड इयरला पोचेपर्यंत त्याची जुनी जीन्स धाकट्या भावाकडे जाते, हे आपल्या हॉस्टेलला नवीन नाही. सकाळच्या लेक्चरच्या घाईत नाश्ता बुडतो, दुपारी मेसमध्ये भात आणि बटाट्याची भाजी, संध्याकाळी गेटवर वडापाव, आणि सबमिशनच्या रात्री दोन वाजता नूडल्स. मग एक दिवस कोणीतरी वजनकाट्यावर उभं राहतं आणि दुसऱ्या दिवशी रूममध्ये इसबगोलचं पाकीट येतं. २०२३ पासून तर सोशल मीडियावर त्याला 'गरिबांचं ओझेंपिक' असं नावही पडलं आहे. जेवणाआधी एक चमचा घ्या, भूक मरते, वजन उतरतं, असा प्रचार चालू आहे.

यात खरं किती? भूक कमी होते ती कशी? वजन किती उतरतं? आणि धोका कुठे आहे? इंजिनिअरिंगच्या विद्यार्थ्यांनी हे ऐकीव माहितीवर न सोडता आकड्यांनी तपासावं, म्हणून हा लेखप्रपंच.

विरघळणारा तंतू म्हणजे काय?

तंतू म्हणजे फायबर. धान्य, डाळी, भाज्या, फळं यांतला जो भाग आपले पाचकरस तोडू शकत नाहीत, तो तंतू. त्याचे ढोबळमानाने दोन प्रकार. गव्हाच्या कोंड्यातला बहुतेक तंतू पाण्यात विरघळत नाही. तो मळाचं आकारमान वाढवतो आणि पोट साफ ठेवतो. दुसरा प्रकार पाण्यात विरघळतो किंवा पाणी धरून फुगतो आणि बुळबुळीत होतो. ओट्स, डाळी, पेरू, भेंडी, मेथीदाणे, गवारीचं बी आणि इसबगोल यांत हा प्रकार सापडतो. भूक आवरण्याच्या नावाखाली जी पाकिटं विकली जातात, त्यांत हाच असतो.

इसबगोल हे नाव फारसीतून आलं. अस्प म्हणजे घोडा आणि गोल म्हणजे कान. बी घोड्याच्या कानाच्या आकाराचं असतं, म्हणून हे नाव. आपण विकत घेतो ती या बियांवरची पातळ साल, म्हणजे भुशी. जगातलं बरंचसं इसबगोल भारतात पिकतं, तेही मुख्यतः गुजरात, राजस्थान आणि मध्य प्रदेशात. आपल्या शेजारच्या गुजरातमधली उंझा आणि सिद्धपूर ही गावं या व्यापारासाठी प्रसिद्ध आहेत. पीक रब्बीचं. काढणीच्या वेळी अवकाळी पाऊस आला की शेतकऱ्याच्या तोंडचं पाणी पळतं, कारण भुशी शेतातच पाणी पिऊन फुगते आणि माल वाया जातो. पाणी दिसलं की धरायचं, हा तिचा स्वभाव. औषध म्हणून तिचा गुण तोच आणि धोकाही तोच.

याच जातीचा दुसरा पदार्थ म्हणजे गवारगम. मेकॅनिकल आणि केमिकलच्या मंडळींना तो वेगळ्या कारणाने माहीत असेल. अमेरिकेत खडकातून तेल आणि वायू काढताना पाण्यात गवारगम मिसळतात. पाणी घट्ट होतं आणि वाळूचे कण भेगांपर्यंत वाहून नेतं. त्यापायी २०११-१२ मध्ये गवारीच्या बियांचे भाव गगनाला भिडले होते. थोडक्यात, तेलविहिरीत आणि जठरात एकच तत्त्व वापरलं जातं, ते म्हणजे व्हिस्कॉसिटी.

दोन ग्लासांचा प्रयोग

हा प्रयोग रूमवर करून पाहाच. दोन ग्लास घ्या. पहिल्यात पाऊण ग्लास पाणी, दुसऱ्यात फक्त दोन चमचे पाणी. दोन्हींत एक-एक छोटा चमचा इसबगोल टाका, ढवळा आणि दहा-पंधरा मिनिटं थांबा.

पहिल्या ग्लासात दाटसर, पण ओतता येईल असा द्रव दिसेल. दुसऱ्यात एक चिकट गोळा तयार झालेला असेल. ग्लास उलटा केला तरी तो सहज पडणार नाही. हा गोळा ग्लासात न होता अन्ननलिकेत झाला तर काय होईल, याची कल्पना करा. धोक्याचा भाग पुढे येतो आहे, तोवर हा गोळा लक्षात ठेवा.

पोटात काय होतं?

पहिल्या ग्लासातला दाट द्रव जठरात गेला की तीन गोष्टी घडतात. एक, पाणी आणि जेल मिळून जागा व्यापतात, जठराच्या भिंती ताणल्या जातात आणि पोट भरल्याचा निरोप मेंदूकडे जातो. दोन, घट्ट झालेलं अन्न जठरातून सावकाश पुढे सरकतं, त्यामुळे भूक लवकर परत येत नाही. तीन, लहान आतड्यात साखरेचं शोषण हळू होतं. काही अन्नघटक आतड्याच्या शेवटच्या टोकापर्यंत पोचतात आणि तिथल्या पेशी 'आता पुरे' असं सांगणारी संप्रेरकं सोडतात. त्यातलंच एक जीएलपी-१. ओझेंपिक हे इंजेक्शन याच संप्रेरकाची नक्कल करतं. इसबगोलला ते टोपणनाव पडण्याचं कारण हेच. पण नाव सारखं म्हणून ताकद सारखी होत नाही.

आता आकडे

२०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका एकत्रित विश्लेषणात, वजन जास्त असलेल्या लोकांनी जेवणाच्या आधी रोज सरासरी १०.८ ग्रॅम इसबगोल सुमारे ४.८ महिने घेतलं. त्यांचं वजन सरासरी २.१ किलोने उतरलं आणि कंबर २.२ सेंटिमीटरने. मात्र या लेखकांचा इसबगोलचं उत्पादन विकणाऱ्या कंपनीशी संबंध होता, हेही ध्यानात ठेवायला हवं. त्याआधी २०२० साली आलेल्या दुसऱ्या विश्लेषणात वजनावर नोंद घेण्याजोगा परिणाम दिसलाच नव्हता. विरघळणाऱ्या सगळ्याच तंतूंचा एकत्र विचार करणाऱ्या २०१७ च्या अभ्यासात १२ चाचण्या आणि ६०९ माणसं होती. त्यात घट सुमारे अडीच किलोची निघाली.

आपण चांगल्यात चांगला आकडा धरू. शरीरातल्या एक किलो चरबीत ढोबळपणे ७,७०० किलोकॅलरी असतात.

२.१ × ७,७०० = १६,१७०
४.८ महिने म्हणजे सुमारे १४६ दिवस
१६,१७० ÷ १४६ = सुमारे ११० किलोकॅलरी रोज

म्हणजे जवळपास एक चपाती! पाच महिने न चुकता इसबगोल घेऊन जो फायदा झाला, तो रोज एक चपाती कमी खाण्याइतका. संध्याकाळच्या एका वडापावात साधारण ३०० किलोकॅलरी असतात. इसबगोल पिऊन झाल्यावर 'आता चालतंय' म्हणून एक वडापाव जास्त खाल्ला, तर हिशोब उलटाच होतो.

तुलनेसाठी, ओझेंपिकमधल्या सेमाग्लुटाइडच्या मोठ्या मात्रेच्या चाचणीत, २०२१ साली, ६८ आठवड्यांत सरासरी जवळपास १५ टक्के वजन उतरलं होतं. ८० किलोच्या माणसाला हे १२ किलो झाले. कुठे १२ आणि कुठे २! अर्थात ते डॉक्टरांच्या देखरेखीचं औषध आहे, मेडिकलमधून आपल्या मनाने आणायची वस्तू नाही.

मग इसबगोल निरुपयोगी का? मुळीच नाही. बद्धकोष्ठतेवर ते उपयोगी आहेच. कोलेस्टेरॉलच्या बाबतीतही त्याचा फायदा मान्य झालेला आहे. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने १९९८ मध्ये इसबगोलच्या पदार्थांवर हृदयरोगाचा धोका कमी होण्याबाबतचा मजकूर छापायला परवानगी दिली. आपल्या प्राध्यापकवर्गाने आणि ऑफिसच्या मंडळींनी हा मुद्दा जरूर वाचावा. वजनाच्या बाबतीत मात्र ते हाताखालचा मदतनीस आहे. सगळं काम त्याच्यावर टाकू नये.

धोका कुठे आहे?

आता तो दुसऱ्या ग्लासातला गोळा आठवा. अमेरिकेत 'कॅल-बॅन ३०००' नावाच्या भूक मारणाऱ्या गोळ्या विकल्या जात. त्यांत गवारगम होता. गोळी घशाखाली उतरताना फुगून अडकायची. कित्येकांच्या अन्ननलिकेत, तर काहींच्या आतड्यात अडथळा झाला, आणि १९९० मध्ये त्या गोळ्या बाजारातून काढून घ्याव्या लागल्या. ज्या गवारीची भाजी आपण बिनधास्त खातो, तिचाच हा अर्क! भाजीत तंतू पाण्यासह आणि थोडा असतो. गोळीत तो कोरडा आणि एकवटलेला असतो. एवढाच फरक, पण तो फार मोठा.

म्हणून कोरडं इसबगोल तोंडात टाकून वर घोटभर पाणी पिणं, ही हॉस्टेलमधली 'शॉर्टकट' पद्धत आजपासून बंद.

दुसरा धोका जास्त गुपचूप येतो. काही जण संध्याकाळची मेस बुडवून नुसत्या इसबगोलच्या ग्लासावर झोपतात. त्यात प्रथिनं नाहीत, लोह नाही, कॅल्शियम नाही. पोट भरल्यासारखं वाटतं, पण शरीर उपाशीच राहतं. मग प्रॅक्टिकलला चक्कर, वर्गात डुलक्या, चिडचिड. आधीच बारीक असलेली मुलंमुली हे करतात, तेव्हा प्रश्न वजनाचा उरत नाही. आपला रूममेट आठवडाभर ताटावर बसत नसेल तर त्याची चेष्टा करू नका. त्याच्याशी बोला, आणि गरज वाटली तर रेक्टर सरांच्या किंवा मॅडमच्या कानावर घाला. डॉक्टरकडे सोबत जा.

घ्यायचंच असेल तर

१. आधी उंची-वजन मोजा. किलोग्रॅममधलं वजन मीटरमधल्या उंचीच्या वर्गाने भागा. भारतीयांसाठी २३ च्या पुढे वजन जास्त आणि २५ च्या पुढे लठ्ठपणा मानतात. २३ च्या आत असाल तर वजनासाठी हे पाकीट तुमच्यासाठी नाही.
२. एक छोटा चमचा, पूर्ण मोठा ग्लास पाणी (सुमारे २४० मिली), ढवळून लगेच प्यायचं. वर आणखी थोडं पाणी.
३. सुरुवात दिवसातून एकदाच, जेवणाच्या आधी. एकदम वाढवलं तर पोट फुगतं आणि गॅस होतो.
४. झोपायला आडवं होताना घेऊ नये.
५. इतर औषधं चालू असतील तर त्यांत आणि इसबगोलमध्ये किमान दोन तासांचं अंतर ठेवा. मधुमेहाची किंवा थायरॉइडची गोळी असेल तर आधी डॉक्टरांना विचारा.
६. गिळायला त्रास होत असेल, आतड्याचा अडथळा पूर्वी झाला असेल, किंवा पोटात दुखून उलट्या होत असतील, तर अजिबात घेऊ नये. घेतल्यावर छातीत अडकल्यासारखं वाटलं किंवा श्वासाला त्रास झाला तर थेट दवाखाना गाठा.

चाळीसगावचा उन्हाळा आपल्याला माहीतच आहे. मे महिन्यात शरीराला पाणी आधीच कमी पडतं. अशा वेळी कमी पाण्यात इसबगोल घेणं म्हणजे बद्धकोष्ठता घालवायला जाऊन ती ओढवून घेणं.

ताटातलं इसबगोल

रोजच्या आहारात २,००० किलोकॅलरीमागे सुमारे ३० ग्रॅम तंतू असावा, असा भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेचा सल्ला आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेने २०१७ साली प्रसिद्ध केलेले तक्ते पाहिले, तर १०० ग्रॅम कच्च्या पदार्थात एकूण तंतू साधारण असा असतो : पांढरा तांदूळ ३ ग्रॅम, ज्वारी १० ग्रॅम, तूरडाळ ९ ग्रॅम, अख्खे हरभरे २५ ग्रॅम, पेरू ८ ते ९ ग्रॅम.

हे वाचून आपल्या खानदेशातल्या आजीचं ताट डोळ्यासमोर आणा. ज्वारी आणि उडदाची कळण्याची भाकरी, मठाची उसळ, गवारीची भाजी, भरीत, वर कच्चा कांदा. तंतूही आहेत, प्रथिनंही आहेत आणि चावावं लागतं म्हणून जेवण सावकाश होतं. शिवाय घशात अडकण्याची भीती नाही. फक्त शेवभाजीवरची तर्री आणि भरितावरचं तेल जरा जपून!

तेव्हा मेस कमिटीपुढे एक साधी मागणी ठेवायला हरकत नाही. आठवड्यातून दोन दिवस भाताऐवजी भाकरी, तीन दिवस उसळ, रोज काकडी किंवा गाजर, आणि हंगामात पेरू. संध्याकाळी गेटवर जाण्याआधी मूठभर फुटाणे. एवढं जमलं तर दिवसाचा तंतू ताटातूनच बराचसा भागेल, आणि ज्याला खरोखर गरज आहे त्याच्यासाठी इसबगोलचा ग्लास आहेच. पण पूर्ण ग्लास, पाण्याने भरलेला.