जाड तारेचे गणित

तंबोऱ्याच्या चार तारा जवळून पाहा. मधल्या जोडीच्या तारा बारीक आणि पोलादी असतात. खर्जाची तार मात्र त्यांच्याहून जाड आणि बहुधा पितळेची असते. चारही तारांची लांबी जवळजवळ सारखीच असते. खर्ज जोडीच्या एक सप्तक खाली बोलतो, म्हणजे त्याची कंप्रता (दर सेकंदाला होणारी कंपने) जोडीच्या निम्मी असते. मग चारही तारा एकाच जाडीच्या घेऊन खर्जाची तार नुसती सैल सोडली असती, तर काय बिघडले असते?

हाच प्रश्न बास गिटारच्या बाबतीत अधिक मोठा होतो. या वाद्याच्या चार तारा ई, ए, डी आणि जी या स्वरांत लावतात. सर्वांत खालच्या ई ची कंप्रता अवघी ४१ असते, तर सर्वांत वरच्या जी ची ९८. तारांचा संच विकत घ्यायला गेलात, तर पाकिटावर ४५, ६५, ८५, १०५ असे आकडे दिसतात. हे तारांचे व्यास आहेत, इंचाच्या हजाराव्या भागात मोजलेले. दुसऱ्या पाकिटावर ४० ते ९५ असतात, आणखी एखाद्यावर ५० ते ११०. त्यातून नेमका कोणता संच घ्यायचा? ‘जाड तार घे, म्हणजे आवाज खोल येईल’ असा सल्ला हमखास मिळतो. तो कितपत खरा आहे, हे आपण हिशेबाने पाहू.

ताण कोण ठरवतो?

ताणलेल्या तारेचे नियम फ्रेंच विद्वान मारँ मर्सेन याने १६३६ च्या सुमारास ग्रंथरूपाने मांडले. तारेची कंप्रता तीन गोष्टींवर अवलंबून असते : लांबी, ताण आणि दर मीटर लांबीचे वस्तुमान. तार छेडली की तिच्यावरून लाट धावते, टोकाला आपटून परत येते आणि अशी एक पूर्ण फेरी झाली की एक कंपन पुरे होते. ताण वाढवला की लाट वेगाने धावते. तार जड केली की लाट मंदावते. हे सूत्रात असे लिहिता येईल :

ताण = दर मीटर वस्तुमान × (२ × लांबी × कंप्रता)²

अमेरिकेत लिओ फेंडर याने १९५१ मध्ये ‘प्रिसिजन बास’ बाजारात आणला. त्याच्या तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, म्हणजे ८६.४ सेंटिमीटर होती. आजही बहुतेक बास गिटारींची लांबी हीच असते. ई च्या तारेवर लाटेला एका फेरीत १.७२८ मीटर अंतर तोडावे लागते आणि सेकंदाला ४१.२ फेऱ्या कराव्या लागतात. म्हणजे तिचा वेग सेकंदाला सुमारे ७१ मीटर झाला. १०५ च्या नेहमीच्या तारेचे वस्तुमान मीटरला सुमारे ३५ ग्रॅम असते. हे आकडे सूत्रात घाला. ताण सुमारे १७७ न्यूटन, म्हणजे १८ किलोग्रॅम वजन टांगल्याइतका येतो.

आता सूत्राकडे पुन्हा पाहा. लांबी वाद्य बनवणाऱ्याने ठरवून टाकली आहे. कंप्रता तुम्हाला ई हवा म्हणून ठरलेली आहे. उरले फक्त वस्तुमान. तेव्हा जाड तार लावल्याने ई चा स्वर तसूभरही खाली जात नाही. तो ई च राहतो, वाढतो तो ताण. तार निवडताना तुम्ही खरे म्हणजे ताण निवडत असता.

यातूनच पाकिटावरचे आकडे उलगडतात. चारही तारांवर सारखाच ताण ठेवायचा, तर जी पेक्षा ई ची तार (९८ ÷ ४१.२)², म्हणजे साडेपाच पटींहून जड हवी. आणि खर्जाच्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. तीच तार निम्म्या कंप्रतेवर आणायची, तर ताण एक चतुर्थांशावर उतरवावा लागेल. अशी तार लुळी पडते आणि नीट बोलत नाही. म्हणून ती जड करावी लागते.

नुसती जाड तार का नको?

मीटरला ३५ ग्रॅम भरेल अशी एकच भरीव पोलादी तार घेतली, तर तिचा व्यास सुमारे २.४ मिलिमीटर येईल. ही तार कसली, ही तर सळई! ती वाकवायला जोर लागतो आणि हा ताठपणाच घात करतो.

कोणतीही तार छेडली असता एकच स्वर निघत नाही. मूळ स्वराच्या दुप्पट, तिप्पट, चौपट कंप्रतेचे उपस्वरही त्याच वेळी निघतात. ते नेमक्या पटीत असले म्हणजे आवाज एकजीव आणि सुरेल वाटतो. परंतु वरच्या उपस्वरांच्या वेळी तार लहान लहान तुकड्यांत वाकते, आणि ताठ तार अशा वाकण्याला विरोध करते. त्यामुळे उपस्वर चढे होतात. वरील सळईचा पाचवा स्वर २०६ च्या जागी २५० च्याही वर जाईल, म्हणजे तीन-चार अर्धस्वर चढेल. असा आवाज तारेचा न वाटता लोखंडी पट्टीवर ठोकल्यासारखा वाटतो.

यावर तोड सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोपात निघाली. त्या वेळी तारा आतड्यांच्या तातीच्या असत. या तातीवर धातूची बारीक तार गुंडाळली, म्हणजे वजन वाढते पण ताठपणा फारसा वाढत नाही. बासच्या तारा आजही याच युक्तीने बनतात. आत पोलादी गाभा असतो, त्यावर एक किंवा अधिक थर वेष्टनाचे. ताण सगळा गाभा सोसतो आणि वेष्टन केवळ वजन पुरवते. भरीव तारेचा ताठपणा व्यासाच्या चौथ्या घाताने वाढतो. म्हणून गाभ्याचा व्यास सळईच्या निम्मा केला, तर त्याचा ताठपणा एकदम सोळाव्या हिश्शावर येतो.

लहान रेडिओचे कोडे

इथे कोणी विचारील, बासचे काम खालचा स्वर देण्याचे. उपस्वर थोडे चढले तर एवढे काय मोठे? याचे उत्तर लहानशा रेडिओत आहे. त्याचा ध्वनिक्षेपक तळहाताएवढा असतो. ४१ कंप्रतेचा स्वर तो जवळजवळ काढूच शकत नाही. तरीही गाण्यातला बास तुम्हाला ओळखता येतो. हे कसे? रेडिओतून ८२, १२४, १६५ असे उपस्वर येतात. त्यांच्यातले अंतर सारखे, ४१ चे आहे हे कान आणि मेंदू ओळखतात आणि गैरहजर मूळ स्वर आपला आपण भरून काढतात. खालचा स्वर स्पष्ट ऐकू येण्यासाठी वरचे उपस्वर जागच्या जागी असणे म्हणूनच आवश्यक असते.

गोल की चपटे?

वेष्टनाचा आकार आवाजावर आणि स्पर्शावर फार परिणाम करतो. सुरुवातीच्या बास गिटारींवर चपट्या पट्टीचे वेष्टन असलेल्या तारा असत. त्या बोटाला गुळगुळीत लागतात, बोट सरकवताना कर्कर होत नाही आणि वरचे उपस्वर लवकर विरून जातात. आवाज गोलसर आणि ठोस येतो. डेट्रॉइटच्या मोटाऊन कंपनीच्या ध्वनिमुद्रिकांत जेम्स जेमर्सन याचा बास अशाच जाड, चपट्या वेष्टनाच्या तारांवर वाजलेला आहे.

गोल तारेचे वेष्टन बोटाला खरखरीत लागते, पण तार लवचीक राहते आणि उपस्वर दीर्घकाळ टिकतात. इंग्लंडमधील ‘द हू’ या वाद्यवृंदाच्या जॉन एंटविसलला पियानोसारखा झणझणीत बास हवा होता. त्याच्या सहकार्याने रोटोसाउंड कंपनीने १९६६ मध्ये तशा तारा तयार केल्या. आज बहुतेक वादक त्याच प्रकारच्या तारा वापरतात. मात्र ज्या बासवर पडदे नसतात, त्याचे लाकूड अशा तारांनी घासले जाते. तेथे चपटे वेष्टन किंवा त्यावर नायलॉनची पट्टी असलेली तार बरी.

धातूचाही विचार करायला हवा. विजेच्या बासमध्ये तारांखाली पिकअप असतो, म्हणजे चुंबकाभोवती तारेचे वेटोळे. वर पोलादी तार हलली की चुंबकीय क्षेत्र बदलते आणि वेटोळ्यात विद्युत्प्रवाह निर्माण होतो. तंबोऱ्याची पितळी तार तेथे जवळजवळ मुकीच राहील. म्हणून वेष्टन बहुधा निष्कलंक पोलादाचे, निकेलचे किंवा निकेलचा मुलामा दिलेल्या पोलादाचे असते. निष्कलंक पोलाद अधिक तेज वाजते आणि बोटाला अधिक खरखरीत लागते. निकेल थोडे मऊ.

बोटाला काय जाणवते?

१८ किलोग्रॅम ताणाची ई ची तार मध्यावर ५ मिलिमीटर बाजूला ओढायला सुमारे ४२० ग्रॅमचा जोर लागतो. १०५ च्या जागी त्याच घडणीची ९५ ची तार लावली, तर ताण सुमारे १५ किलोग्रॅमवर येतो आणि जोर ३५० ग्रॅमवर. तासभर वाजवणाऱ्या बोटांना हा फरक चांगलाच कळतो. पण सैल तारेची किंमतही मोजावी लागते. ती मोठा झोका घेते, पडद्यांवर आपटून खडखडते आणि जोरात छेडली तर स्वर क्षणभर चढा लागतो. जाड संचाचेही एक आहे. १०५ च्या संचातील चारही तारा मिळून वाद्याच्या मानेला ८० किलोग्रॅमहून अधिक जोराने ओढत असतात. संच बदलला की हा ओढा बदलतो, मानेचा बाक बदलतो. तेव्हा ती जाणत्याकडून पुन्हा जुळवून घ्यावी.

म्हणून संच निवडताना स्वतःला क्रमाने तीन प्रश्न विचारा. पहिला : माझ्या बासची लांबी किती? लांबी कमी असेल, तर त्याच तारेवर ताण कमी पडतो. दुसरा : उपस्वर झणझणीत हवेत की दबलेले? त्यावरून वेष्टन ठरवा. तिसरा : माझी छेड हलकी की जोरकस? त्यावरून जाडी ठरवा. आणि आवाज मेला म्हणून लगेच जाडी बदलू नका. घाम आणि मळ गोल वेष्टनाच्या फटींत बसला, की उपस्वर दबतात. वाजवून झाल्यावर कोरड्या फडक्याने तारा पुसल्या, तर संच बराच अधिक काळ टिकतो.

करून पाहा

शाळेच्या प्रयोगशाळेतील सोनोमीटरवर बारीक पोलादी तार बसवा आणि १ किलोग्रॅम वजन टांगून स्वर ऐका. आता ४ किलोग्रॅम टांगा. स्वर बरोबर एक सप्तक चढेल. मग त्याच तारेच्या दोन घोड्यांमधील संपूर्ण भागावर तांब्याची बारीक तार घट्ट व सलग गुंडाळा. वजन तेच असूनही स्वर उतरलेला आढळेल. गुंडाळलेल्या तांब्याचे वजन करून स्वर किती उतरावा हे आधी काढा आणि मग पडताळा. तार तुटू शकते, म्हणून चेहरा दूर ठेवा.

सोडवा

१. एका बासची लांबी ३० इंच आहे. वरील १०५ ची तार ई मध्ये लावल्यास ताण किती येईल?

२. पाच तारांच्या बासवरील सर्वांत खालच्या बी ची कंप्रता ३०.९ असते. लांबी ३४ इंच आणि ताण १८ किलोग्रॅम ठेवायचा, तर तारेचे वस्तुमान मीटरला किती हवे? बाजारात ही तार बहुधा १२५ ते १३५ जाडीची मिळते. ती थोडी सैल का लागते?

उत्तरे : (१) सुमारे १४ किलोग्रॅम. (२) सुमारे ६२ ग्रॅम. त्याच घडणीची तार १४० जाडीची लागेल, म्हणून.