शिवलेली जीन्स धुतल्यावर आखूड का झाली?

प्रश्न : मुलाची नवी जीन्स लांब होती, म्हणून घरीच कापून मशीनवर शिवली. टेपने मोजून दोन्ही पाय अगदी सारखे केले होते. पहिल्याच धुण्यानंतर ती घोट्याच्या वर गेली. मोहरीला चुण्या पडल्या आहेत आणि घातल्यावर एक पाय आखूड दिसतो. माझं माप कुठे चुकलं?
– एक वाचक, मिरज

उत्तर : तुम्ही मापलंत ते बरोबरच. आटणं, चुण्या आणि आखूड पाय ही तीन वेगळी दुखणी आहेत आणि तिन्हींची कारणंही वेगळी आहेत.

आधी आटण्याचं पाहू. मागावर उभे धागे ताणून धरलेले असतात आणि त्या ताणातच कापड विणलं जातं. इचलकरंजीत विठ्ठलराव दातारांनी 1904 मध्ये पहिला यंत्रमाग आणला, तेव्हापासून आपल्या भागाला हे दृश्य ओळखीचं आहे. कापड पाण्यात पडलं की सुती धागा फुगतो आणि अडकून राहिलेला ताण सुटतो. मग उभा धागा आडव्या धाग्यांभोवती जास्त वळसे घेतो, म्हणजेच आखूड होतो. पॅन्ट उभ्या धाग्यावर बेतलेली असते, त्यामुळे ती मुख्यतः उंचीतच आटते. फक्त गरम पाण्याने कापड आटतं, असं पुष्कळांना वाटतं. ताण गार पाण्यातही सुटतो. गरम पाण्याने तो अधिक सुटतो, इतकंच. कारखान्यात कापड आधीच आटवून घेण्याची सॅन्फराइज्ड पद्धत 1930 च्या सुमारास आली, तरी सुती जीन्समध्ये थोडं आटणं शिल्लक राहतंच. पॉलिस्टर मिसळलेल्या पॅन्टला हा त्रास फारसा नसतो. जीन्स मात्र दोनदा धुऊन, वाळवून, इस्त्री करून मगच कापावी.

आता चुण्या. हल्लीच्या पॅन्टी खाली निमुळत्या होत जातात. अशी पॅन्ट वर दुमडली की दुमडीची आतली कड अरुंद असते, आणि ती ज्या जागी शिवायची तिथला पाय रुंद असतो. मोठा घेर लहान घेरावर बसवला की जादा कापड कुठेतरी गोळा होणारच. अनुभवी शिंपी दुमडीपुरत्या दोन्ही बाजूंच्या शिवणी उसवतो आणि तेवढ्या भागाचा उतार उलटा करतो, म्हणजे तो भाग खाली रुंदावत जातो. मग दुमड पायावर सपाट बसते. घरी हे दहा मिनिटांचं काम आहे, आणि माझ्या मते या सगळ्यात शिकून घेण्यासारखी गोष्ट हीच.

एक पाय आखूड दिसतो, कारण माणसाचे दोन्ही पाय किंवा कंबरेच्या दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या क्वचितच असतात. टेबलावर पॅन्ट सारखी दिसली तरी अंगावर दिसेलच असं नाही. मुलाला नेहमीच्या चपला किंवा बूट घालून सरळ उभं करा आणि दोन्ही पायांना वेगवेगळ्या टाचण्या लावा. त्याला वाकून बघू देऊ नका. वाकलं की मागची बाजू वर ओढली जाते.

शिवताना जीन्सला 16 नंबरची सुई लावा. बाजूच्या शिवणीवर कापडाचे बरेच थर एकावर एक येतात. तिथे पायडल न मारता मशीनचं चाक हाताने फिरवा, म्हणजे सुई मोडणार नाही. फॉर्मल पॅन्टला हाताने तुरपाई करा. बाहेरच्या कापडाचे एक-दोन धागेच सुईत घ्या आणि दोरा सैल ठेवा. कंबरेचं मात्र वेगळं आहे. शिंप्याने शिवलेल्या पॅन्टला मागच्या शिवणीत माया असते, म्हणून ती घरी सैल करता येते. जीन्समध्ये बहुधा माया नसते. ती शिंप्याकडेच द्या.

तुमची ही जीन्स अजून वाचेल. दुमड पूर्ण उसवा आणि कडेला आतून पातळ सुती कापडाची पट्टी जोडून ती आत वळवा. दुमडीतली जवळजवळ सगळी उंची परत मिळेल. पण हे आताच करा. जीन्सचा निळा रंग धाग्याच्या बाहेरच्या थरातच असतो. वापरून दुमडीच्या कडेवरचा रंग झिजला की पडलेली पांढरी रेघ पुन्हा जात नाही.