तुळस आणि तिचे सुगंधी तेल

हैदराबादेत मुसी नदीच्या उत्तरेस बेगम बाजार ही घाऊक व्यापाराची जुनी पेठ आहे. तेथे मसाल्यांच्या दुकानांपुढून जाताना लवंगेचा उग्र दरवळ येतो. आपल्या अंगणातील तुळशीचे पान बोटांत चुरडले असताही त्याच जातीचा, पण सौम्य वास येतो. याचे कारण असे की, लवंग आणि तुळस या दोहोंच्या तेलांत युजेनॉल नावाचे एकच द्रव्य आढळते.

तुळस ही पुदिन्याच्या कुळातील वनस्पती होय. तिचा देठ चौकोनी असतो आणि पानांवर सूक्ष्म तैलग्रंथी असतात. पाने कुरतडणाऱ्या कित्येक किडींना हे तेल सोसत नाही. अर्थात ते झुडपाचे संरक्षक कवचच आहे. ते काढण्यासाठी पानांतून पाण्याची वाफ सोडतात. युजेनॉल एरवी २५० अंश सेल्सिअसहून अधिक उष्णतेवर उकळते. परंतु वाफेच्या संगतीने ते १०० अंशांच्या आतच बाहेर पडते. वाफ थंड केली की तेल व पाणी वेगळे होते. शंभर किलो ताज्या पानांतून बहुधा किलोभरही तेल मिळत नाही.

डास आपल्याला उच्छ्वासातील कार्बन डायऑक्साइड, अंगाची ऊब आणि घामाचा वास यांवरून हुडकतो. तेलाच्या उग्र गंधामुळे त्याच्या या शोधात व्यत्यय येतो. परंतु हे तेल लवकर उडून जाते, म्हणून त्याचा प्रभाव थोडाच वेळ टिकतो. शिवाय न चुरडलेल्या पानांतील बहुतेक तेल ग्रंथींतच बंद असते. तेव्हा दारात तुळस आहे, एवढ्यावरून घरात डास येणार नाहीत, असे समजणे योग्य नव्हे. निव्वळ तेल अंगाला चोळणेही बरे नव्हे. त्याने त्वचेची आग होते. लहान मुलांच्या बाबतीत तर विशेष जपावे.

डासाच्या शरीरात हिवतापाचे जंतू वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी २० ऑगस्ट १८९७ रोजी आपल्या शेजारच्या सिकंदराबादेतच पाहिले, आणि १९०२ साली त्यांना नोबेल पारितोषिक मिळाले. आज डेंग्यू पसरविणारा डास दिवसा चावतो व घरातील साचलेल्या स्वच्छ पाण्यात वाढतो. अंड्यापासून डास होण्यास उष्ण हवेत आठ-दहा दिवस पुरतात. तुळशीच्या कुंडीखालच्या ताटलीत राहिलेले पाणीदेखील त्यास पुरेसे होते!

म्हणून, विद्यार्थिमित्रहो, तुळशीला पाणी अवश्य घालावे. पण आठवड्यातून एकदा ती ताटली, रांजण, पिंप आणि कूलर रिकामे करून घासून कोरडे करावेत. तुळशीचा सुगंध क्षणभर डासाला दूर ठेवील. त्याची उत्पत्ती थांबविणे मात्र आपल्याच हातात आहे.