साष्टींतील सोनें

अंधेरीच्या गिल्बर्ट टेकडीवर किंवा मुलुंडच्या डोंगरांत सोनें सांपडेल काय, असा प्रश्न वर्गांत विचारला असतां बहुतेक विद्यार्थी हंसतील. परंतु अंधेरी येथेंच सोन्याचे कण केरांतून वेंचले जातात, आणि बोरिवलीच्या रानांतील एका स्तूपांतून सोन्याची डबी निघालेली आहे, ही गोष्ट फारच थोड्यांस ठाऊक असते. हल्लीं धातुशोधक यंत्र, ज्यास व्यवहारांत मेटल डिटेक्टर म्हणतात, तें कोणासही विकत मिळूं लागल्यामुळें तरुण मंडळींच्या मनांत गुप्तधनाचे मनोरे उभे राहूं लागले आहेत. म्हणून सोनें कोठें असतें, तें कसें शोधतात व शोधणाऱ्यास काय ठाऊक असावें लागतें, याचा थोडासा विचार येथें करावयाचा आहे.

प्रथम आपल्या टेकड्यांविषयीं. मुंबई व तिच्या उत्तरेस पसरलेली साष्टी यांचा पाया बहुतांशीं ज्वालामुखीच्या रसापासून झालेल्या काळ्या पाषाणाचा आहे. सुमारें ६ कोटी ६० लक्ष वर्षांपूर्वीं हा रस बाहेर पडून थिजला. गिल्बर्ट टेकडीचे उभे, कोनदार खांब हें त्या थिजण्याचेंच चिन्ह होय. सोन्याच्या शिरा निराळ्या रीतीनें तयार होतात. पृथ्वीच्या पोटांतील अत्यंत तापलेलें पाणी सोन्याचा अंश आपल्यांत विरघळवून घेऊन खडकांच्या भेगांतून वर चढतें, आणि निवतां निवतां गारगोटीबरोबर तो अंश तेथें टाकून देतें. अशा शिरा आपल्या देशांत मुख्यत्वेंकरून कर्नाटकांतील अतिप्राचीन खडकांत आहेत. कोलारची खाण १८८० सालापासून चालून, तीन किलोमीटरांहून अधिक खोल जाऊन, २००१ सालीं बंद पडली. महाराष्ट्रांत नागपूर व भंडारा या जिल्ह्यांतील जुन्या खडकांतही सोन्याचे अंश भूवैज्ञानिकांस आढळले आहेत. तसें पाहिलें तर थोडें सोनें सर्वत्र आहेच; परंतु पृथ्वीच्या कवचांत त्याचें प्रमाण टनामागें सरासरीनें चार मिलिग्रॅमांच्या आसपास! खाण परवडण्यास टनामागें कांहीं ग्रॅम तरी लागतात, म्हणजे निसर्गानें तें सुमारें हजारपट गोळा करून ठेविलेलें असावें लागतें. घाटकोपरच्या टेकडीवर निसर्गानें तें काम केलेलें नाहीं.

आतां यंत्राकडे वळूं. त्याच्या तळाशीं असलेल्या तारेच्या वेटोळ्यांतून दिशा बदलणारा विद्युत्प्रवाह खेळविला म्हणजे भोंवतीं बदलतें चुंबकीय क्षेत्र उत्पन्न होतें. या क्षेत्रांत धातूचा तुकडा आला कीं त्याच्या अंगांत भोंवऱ्यांसारखे प्रवाह सुरू होतात. त्यांचें स्वतःचें क्षेत्र बनतें, आणि तें दुसऱ्या वेटोळ्यास जाणवून शोधकाच्या कानांत आवाज उठतो. अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल यानें १८८१ सालीं अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांच्या शरीरांतील गोळी शोधण्याकरितां असलें उपकरण वापरून पाहिलें. तें फसलें, बिछान्यांतील पोलादी तारा हें त्याचें एक कारण मानितात. पुढें ऑस्ट्रेलियांतील व्हिक्टोरिया प्रांतांत १९८० सालीं अशाच यंत्राच्या साह्यानें २७ किलोग्रॅमांहून अधिक वजनाचा सोन्याचा गड्डा हातीं लागला. परंतु तेथील जमिनींतच सोन्याचे गड्डे आहेत. आपल्या काळ्या पाषाणांत चुंबकास ओढली जाणारीं खनिजें भरपूर असल्यामुळें यंत्र दगडालाच धातु समजून कुरकुरूं लागतें. शिवाय धुळीएवढे कण त्यास मुळींच कळत नाहींत. ऑस्ट्रेलियांतील शोधकांची एक चाल मोठी मौजेची आहे. जमिनीच्या जातीप्रमाणें यंत्र कसें जुळवावें, दगडाचा आवाज कोणता व धातूचा कोणता, हें ते नवख्यास मोकळेपणानें सांगतात. आपली जागा मात्र सहसा सांगत नाहींत! त्यांस कृपण म्हणण्याचें मला तरी कारण दिसत नाहीं.

मराठी मुलखांत हीच विद्या यंत्रावांचून जाणणारे लोक पूर्वापार आहेत. त्यांस झारेकरी म्हणतात. कोणी धूळधोये म्हणतात. मुंबईच्या झवेरी बाजारांत पहांटे गल्ल्या झाडणारे व गटारांतील गाळ धुणारे घमेलेवाले याच मार्गाचे. सोनार कानस चालवितो, दागिना घांसून उजळितो. प्रत्येक वेळीं डोळ्यांस न दिसणारे कण उडून फरशींत, कपड्यांत व केसांतही जाऊन बसतात. म्हणून शहाणा सोनार आपल्या दुकानाचा केर फेंकीत नाहीं, तो झारेकऱ्यास विकतो. कोणत्या दुकानाची धूळ किती देईल याचा अदमास बांधणें हें या धंद्याचें मर्म. अदमास चुकला तर विकत घेतलेली धूळ ही केवळ धूळच ठरते.

ही धूळ प्रथम जाळितात, म्हणजे कापूस, कागद व केस यांची राख होते. मग ती कुटून, चाळून घमेल्यांत पाण्याबरोबर घोळवितात. येथें शाळेंतील विशिष्टगुरुत्वाचा धडा आठवावा. वाळू पाण्याच्या अडीचपटीहून थोडी अधिक जड, आणि सोनें एकोणीसपटीहून अधिक. म्हणून मनगटाच्या हेलकाव्यासरशीं वाळू काठावरून निघून जाते व सोनें तळाशीं राहतें. लोखंडाचा कीस लोहचुंबकानें उचलितात. अगदीं बारीक कणांकरितां पारा घालितात. पारा सोन्यास धरितो. तो फडक्यांतून पिळून काढिला म्हणजे एक मऊ गोळा उरतो, आणि गोळा तापविला कीं पारा वाफ होऊन निघून जातो. शेवटीं नत्राम्ल, म्हणजे धंद्यांतील तेजाब. त्यांत रुपें व तांबें विरघळतें, सोनें तसेंच राहतें. गंमत अशी कीं मिश्रणांत सोनें फार असलें तर आम्ल आंत शिरूंच शकत नाहीं. म्हणून सोन्याच्या सुमारें तिप्पट रुपें त्यांत मुद्दाम वितळवून मिसळावें लागतें, मगच तें शुद्ध होतें! उरलेल्या आम्लांत तांब्याची पट्टी ठेविली कीं विरघळलेलें रुपें पुनः खालीं बसतें, म्हणजे तेंही वांया जात नाहीं. नंतर टांकणखार घालून मुशींत वितळविलें कीं सोन्याची गोळी तयार.

महाविद्यालयांतील रसायनशास्त्राच्या विद्यार्थ्यास हीं सर्व कारणें सांगतां येतील, परंतु घमेलें दिलें तर तो सोनें वाळूबरोबर सांडून देईल. झारेकऱ्याचें ज्ञान बापाच्या हातांतून मुलाच्या हातांत जातें. या शिक्षणाची थोरवी मान्य करूनही त्याचें एक व्यंग सांगितलें पाहिजे. पाऱ्याची वाफ अतिशय विषारी आहे. ती मज्जातंतु व मूत्रपिंडें यांचा नाश करिते, तिला वास नाहीं, रंग नाहीं, आणि जेथें गोळा तापवितात त्याच खोलींत पुष्कळदां घरचीं लहान मुलें वावरत असतात. बंद भांड्यांत ती वाफ धरून थंड केली तर पारा परत मिळतो व छातींत जात नाहीं. ही युक्ति अवघड नाहीं, फार खर्चाचीही नाहीं. पण धंद्याचीं गुपितें घराबाहेर जाऊं द्यावयाचीं नाहींत अशी रीत पडली म्हणजे बाहेरची हिताची गोष्टही घरांत येत नाहीं. पाऱ्याच्या बंदोबस्ताकरितां मिनामाता नांवाचा आंतरराष्ट्रीय करार २०१३ सालीं झाला व भारतानें तो २०१८ सालीं मान्य केला. तो करार घमेल्याजवळ बसलेल्या माणसापर्यंत कोणीं पोहोंचवावयाचा?

अंधेरींतील सीप्झ ही वसाहत १९७३ सालीं प्रथम विजेच्या सूक्ष्म उपकरणांच्या निर्यातीकरितां स्थापन झाली. पुढें तेथें दागिन्यांचे कारखाने आले. दागिन्यांच्या अशा कारखान्यांत कारागिरांनीं हात धुतलेलें पाणी, फरशीची धूळ, जुने कपडे, सर्व राखून त्यांतून सोनें काढितात. तत्त्व झारेकऱ्याचेंच, फक्त घमेल्याच्या जागीं यंत्रें आलीं.

राहिलें बोरिवलीचें सोनें. कान्हेरीच्या मोठ्या चैत्यगृहासमोरील एक स्तूप डॉ. जेम्स बर्ड यांनीं १८३९ सालीं उघडला. आंत तांब्याचे दोन कलश निघाले. त्यांत रक्षा, एक माणिक, एक मोतीं, सोन्याचे तुकडे, सोन्याची एक लहान डबी व रुप्याची एक डबी होती. आणि सोबत ताम्रपट. सिंधुदेशाच्या बुद्धरुचि नांवाच्या मनुष्यानें त्रैकूटकांच्या राज्यांत हा चैत्य बांधविला, असें ताम्रपटानें सांगितलें. सोन्याच्या डबीस हें सांगतां आलें नसतें. तो मूळ ताम्रपट पुढें नाहींसा झाला. बर्ड यांनीं त्याची नक्कल छापून ठेविली होती, म्हणूनच बुद्धरुचीचें नांव आज आपणांस माहीत आहे.

यावरून यंत्र घेऊन कान्हेरीस निघणाऱ्यांनीं दोन कायदे ध्यानांत ठेवावे. संरक्षित स्मारकाच्या जागीं परवानगीवांचून खणणें १९५८ च्या कायद्यानें गुन्हा आहे. अन्यत्र जमिनींत दहा रुपयांहून अधिक किंमतीचें गुप्तधन सांपडलें तर तें जिल्हाधिकाऱ्यास लेखी कळविलें पाहिजे, असा १८७८ चा कायदा सांगतो.

कान्हेरीनंतर त्रेचाळीस वर्षांनीं, एप्रिल १८८२ मध्यें, वसईजवळच्या सोपाऱ्यास पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं बुरूड राजाचा कोट नांवाचा उंचवटा खणविला. आंत दगडी पेटी होती. तिच्या मध्यभागीं एकांत एक बसविलेले तांब्याचे, रुप्याचे, दगडाचे, स्फटिकाचे व सर्वांत आंत सोन्याचे करंडक, भोंवतीं बुद्धांच्या आठ मूर्ति, सोन्याचीं फुलें आणि सातवाहन राजा यज्ञश्री याचें रुप्याचें नाणें. सोन्याच्या करंडकांत होते मातीच्या भांड्याचे कांहीं तुकडे, एवढेंच. तेंच त्या लोकांस सर्वांत मोलाचें वाटलें होतें. त्या वस्तु मुंबईच्या एशियाटिक सोसायटीच्या संग्रहांत आहेत, आणि पेटींत कोणती वस्तु कोठें व कशाच्या आंत होती हें पंडितजींच्या त्याच सालच्या निबंधांत वाचावयास मिळतें.