जुन्या मोटारीचा क्लच : दोष व उपाय

हुबळी व धारवाड यांमधील सुमारे २० किलोमीटरचा रस्ता सदैव वर्दळीचा असतो. अशा रस्त्यावर क्लच पूर्ण न सुटल्यास थांबलेली मोटार अकस्मात पुढे सरकून पादचाऱ्याच्या जिवावर बेतू शकते. १९६१ पासून मद्रासेत तयार झालेली ‘स्टँडर्ड हेराल्ड’ आणि हेराल्डच्याच सांगाड्यावर बेतलेली १९६२ ची ब्रिटिश स्पोर्ट्स मोटार ‘ट्रायम्फ स्पिटफायर’ या दोहोंचा क्लच द्रवाच्या दाबावर चालतो. त्यामुळे दोन्हींची तपासणी सारखीच असते.

पेडल दोन-तीनदा दाबल्यावर क्लच सुटू लागल्यास नळीत हवा शिरली आहे असे समजावे. टाकीतील द्रव घटत असल्यास गळती शोधावी. गिअरबॉक्सजवळील सिलिंडरचे रबरी आवरण ओले असेल, तर त्याचे सील बदलावे. बाहेर गळती नसताना, दाबून धरलेला क्लच हळूहळू पकडू लागल्यास मास्टर सिलिंडरचे सील तपासावे.

दुरुस्तीनंतर एकाने पेडल दाबावे, दुसऱ्याने हवा काढण्याचा स्क्रू सैल करावा व पेडल सोडण्यापूर्वी तो आवळावा. टाकीत फक्त ब्रेक फ्लुइड घालावे; इंजिन ऑइलने रबर फुगून निकामी होते.