मोतीच्या शस्त्रक्रियेसाठी पैसे कसे उभे करू?

प्रश्न : रस्त्यावरून घरी आणलेल्या मोती या कुत्र्याच्या मांडीचं हाड मोडलंय. शस्त्रक्रियेचा खर्च झेपत नाही. संस्था नसताना लोकांकडे पैसे मागणं बेकायदा आहे का?
– एक वाचक, ठाणे

उत्तर : ताई, मुळीच नाही. खऱ्या कारणासाठी ओळखीपाळखीत मदत मागायला नोंदणी लागत नाही. फक्त देणाऱ्यांना ‘८०जी’ची करसवलत मिळणार नाही, हे आधीच सांगा. खर्चाचा लेखी अंदाज घ्या. परळच्या बाई साकरबाई दिनशॉ पेटिट पशुरुग्णालयातही विचारा, खासगीपेक्षा सहसा कमी लागतं. पैसे शक्यतो थेट रुग्णालयातच भरायला सांगा, पावत्या सगळ्यांना दाखवा. ‘पैसे पाठवतो, पिन टाका’ म्हणणाऱ्यापासून सावध. पैसे घ्यायला यूपीआय पिन लागत नाही. आणि मोती कितीही कण्हला तरी आपल्या गोळ्या देऊ नका. आयबुप्रोफेन कुत्र्यांच्या जिवावर बेतू शकतं.